आधी उसवा : जुन्या कपड्यांवर शिवण शिकतानाच्या नोंदी

७ जून
आईचं काळं पायमशीन आज पुन्हा स्टँडवर चढलं. मधली बरीच वर्षं स्टँडवर कढीपत्त्याची कुंडी होती, त्यामुळे फळीवर गोल डाग पडलेत. ते तसेच ठेवले. मशीन मात्र जाम होतं. चाक हाताने ओढलं की अर्धा फेरा घेऊन अडकायचं. कारण आईला माहीत होतं. बंद पडायच्या आधी कुणीतरी त्यात खोबरेल घातलं होतं. खोबरेल थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि सांध्यांत चिकटून बसतं. पूर्वी अशा मशीनमध्ये रॉकेल सोडून ते मोकळं करायचे. रॉकेल मिळणं आता अवघड आहे, म्हणून मशीनचंच पांढरं पातळ तेल आणलं. वरच्या प्रत्येक भोकात दोन थेंब, मग चाक मागेपुढे, पुन्हा दोन थेंब. सुईखालची पत्र्याची पट्टी स्क्रू काढून उचलली, तर खाली कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या भोवती धाग्यांचा कोंडा दाबून बसलेला. निळा, राणी, अबोली. आई बघून म्हणाली, "हे सगळे ब्लाउज आहेत." जुन्या टूथब्रशने ते खरवडून काढलं. संध्याकाळी चाक सुटलं.

माझा बेत असा : नवं कापड विकत घ्यायचं नाही. दोरा, सुया, पट्टा, बटणं एवढाच खर्च. हाताशी आहेत ते कॉलर विरलेले दोन शर्ट, दोन जीन्स, आईच्या दोन सुती साड्या आणि आजीची एक इरकल. दसऱ्यापर्यंत ताईच्या लेकीला इरकलीचा परकर शिवायचा आहे. बाकी जे होईल ते होईल.

आईने लगेच अट घातली. "आधी नुसतं उसव. हात बसला की मग शिव."

१० जून
चामडी पट्टा सैल झाला होता, चाकावरून घसरत होता. पिन उघडून अर्धा इंच कापला, नवं भोक पाडलं, पिन परत दाबली. आता पकड घेतो.

पायडल मारणं हा खरा अभ्यास आहे. चाक आपल्या बाजूला फिरायला हवं. पाय थांबून पुन्हा सुरू केला की ते कधी कधी उलटं फिरतं, आणि दोरा घातलेला असेल तर तुटतो किंवा खाली गुंततो. म्हणून दरवेळी सुरुवातीला उजव्या हाताने चाकाला धक्का द्यायचा आणि मग पाय चालवायचा. दोरा न ओवता, जुनी सुई लावून वहीच्या रेघी कागदावर टिपा मारल्या. भोकं रेघेवर पडली की नाही हे कागद उजेडात धरला की लगेच कळतं. भाचीच्या जुन्या वह्या कामी आल्या.

१४ जून
पुण्यातल्या रविवार पेठेत गेलो. बोहरी आळीच्या बाजूला शिवणसामानाची दुकानं ओळीने आहेत. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "मान चपटी की गोल?" घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची पूर्ण गोल. एकमेकींच्या जागी त्या चालत नाहीत. चपट्या मानेच्या ११, १४ आणि १६ नंबरच्या घेतल्या. पाकिटावर ९०/१४ असं छापलेलं असतं. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलीमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. विरलेल्या साडीला ११, शर्टाला १४, जीन्सला १६.

सुई लावताना बघायची खूण आईने दाखवली. सुईच्या एका अंगाला वरपासून नाकापर्यंत लांब खाच असते, दोरा त्या अंगाने ओवायचा. चपटी बाजू कुठल्या दिशेला हे मशीनगणिक बदलतं, पण खाचेचा नियम बदलत नाही.

आणखी घेतलं : पांढरा, काळा, विटकरी असे रीळ, खडू, टाचण्या आणि सीम रिपर, म्हणजे टाके कापायचं टोकदार हत्यार. आईच्या मते सीम रिपर म्हणजे चैन, ती आयुष्यभर अर्ध्या ब्लेडने उसवत आली. मला ब्लेडचा भरवसा नाही. जुनं कापड ब्लेडला अडवत नाही, सरळ कापलं जातं.

२१ जून
पालख्या शहरात. पेठांकडे जायचं नव्हतंच, दिवसभर घरी बसून पहिला शर्ट पूर्ण उसवला.

उसवायची रीत अशी : एका बाजूने चार-पाच टाके सोडून एकेक टाका कापत जायचं, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो अखंड निघतो. दोन्ही थर ताणून मधल्या मध्ये रिपर चालवला तर काम लवकर होतं, पण विरलेल्या कापडाला तो ताण सोसत नाही. इंटरलॉकची, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या वेटोळ्या टिपेची गोष्ट वेगळी. तिथे सुईचे सरळ दोरे आधी शोधून काढले की बाकीची वेटोळी आपोआप गळून पडतात. जीन्सच्या कमरेला काही वेळा साखळी टाका असतो. तो तांदळाच्या पोत्याच्या तोंडासारखा आहे, योग्य टोक हाती लागलं तर एका झटक्यात सगळं उघडतं, चुकीचं टोक धरलं तर संध्याकाळपर्यंत बसा. शर्टाच्या साध्या टिपेत असं टोक नसतंच. तिथे वरचा आणि खालचा असे दोन दोरे प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकलेले असतात.

शर्टाचे तुकडे जमिनीवर मांडले. पुढचे दोन, पाठ एक, खांद्याचा पट्टा दोन थरांचा, बाह्या दोन, कफचे चार, कॉलरचे दोन, कॉलरखालच्या उभ्या पट्टीचे दोन, खिसा एक आणि बाहीच्या चिरेला लावलेल्या पट्ट्या चार. एकूण २०, आणि कॉलर-कफ ताठ राहावेत म्हणून आत घातलेली कॅनव्हास वेगळी. इतकी वर्षं अंगात घालत आलो तरी शर्टात वीस तुकडे असतील असं वाटलं नव्हतं.

उसवताना क्रम उलटा लागतो. सगळ्यात शेवटी शिवलेलं सगळ्यात आधी निघतं : खालची घडी, कफ, बगलेपासून बाहीपर्यंतची एकसलग शिवण, मग बाही, कॉलर, खांदा, खिसा. ही यादी खालून वर वाचली की शर्ट शिवायचा क्रम मिळतो. क्लासच्या पुस्तकात हेच आकृत्या काढून दिलेलं असतं, आणि मला त्या आकृत्या कधीच कळल्या नव्हत्या. आता मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचे, दोन तुकडे एकावर एक ठेवले तर पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल कापलेला दिसला, कारण हात पुढेच येतात. पाठीच्या मधल्या चुणीचं कामही त्यावरूनच कळलं.

वर्तमानपत्रावर सगळ्या तुकड्यांचे आराखडे उतरवून ठेवले. शिवणीचं मार्जिन कुठे किती होतं तेही लिहिलं. बगलेत जेमतेम पाव इंच, खाली पाऊण. तयार कपडे 'सैल करून द्या' म्हटल्यावर टेलर मान का हलवतात ते समजलं. सैल करायला आत कापडच सोडलेलं नसतं.

२४ जून
टीप वरून सुरेख, खालून दोऱ्याचं जाळं. स्वाभाविकपणे हात बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाकडे जातो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. दोरा ओवताना पाय, म्हणजे कापड दाबणारी पट्टी, वर उचललेली असेल तर दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट बसतो. ओवून झाल्यावर पाय खाली करायला हवा. तो वर राहिला तर चकत्या दोऱ्याला धरतच नाहीत, आणि सैल सुटलेला वरचा दोरा खाली गोळा होतो. म्हणजे खाली जाळं दिसलं तर वर बघायचं, वर गाठी दिसल्या तर बॉबिनकडे. बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू आईने मला हात लावू दिलेला नाही.

२८ जून
कॉलर उलटायचं काम. हा दुसरा शर्ट, निळ्या बारीक रेघांचा. अंगाचं कापड अजून धडधाकट, फक्त कॉलर मानेच्या घडीवर विरून आतली कॅनव्हास दिसतेय. अशा वेळी कॉलर काढून उलटी लावली की खालची, कधीच न घासलेली बाजू वर येते.

सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या. कॉलरच्या टोकांना बटणाची काजी असतील तर ती उलटून चालत नाही. खालच्या बाजूला प्लॅस्टिकची पट्टी घालायचे कप्पे असतील तर ते वर दिसतील. आणि चिकटवलेली कॅनव्हास सुटून कापडाला फुगे आले असतील तर उलटूनही फुगे राहतात. या शर्टाची कॉलर तिन्हीत पास झाली.

कॉलरची आणि तिच्या खालच्या पट्टीची मधली जागा खडूने खुणावली. पट्टीचे दोन थर असतात आणि कॉलर त्यांच्या मध्ये वरून खोचलेली असते. तेवढीच एक टीप उसवायची, पट्टी गळ्यापासून सोडायची नाही. कॉलर सुटल्यावर आतला मळ आणि दोऱ्यांचे तुकडे ब्रशने झाडले. विरलेल्या घडीवर आतून जुन्या रुमालाची अर्ध्या इंचाची पट्टी ठेवून हाताने टाके घातले. ही बाजू आता खाली जाणार असली तरी विरत गेली तर कॉलर मोडेल. मग इस्त्री. मग उलटी करून मधोमध जुळवून खोचली, मधून दोन्ही टोकांकडे टाचण्या लावल्या आणि जुन्याच भोकांच्या रांगेवरून टीप मारली. कडेची शेवटची दोन इंच चाक हाताने फिरवून.

हे इस्त्रीचं प्रकरण मी आधी गौण समजत होतो. प्रत्येक टिपेनंतर शिवण दाबली तरच पुढची टीप सरळ जाते. आईच्या जमान्यात मशीनशेजारी कोळशाची इस्त्री दिवसभर तापलेली असायची.

कोपऱ्यावरच्या जेन्ट्स टेलरकाकांना शर्ट दाखवला. त्यांनी कॉलर अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "बरोबर बसलीय." मग स्वतःहून सांगू लागले, पूर्वी कॉलर पलटी करायला रोज शर्ट यायचे, साहेबलोकांचेसुद्धा. आता कुणी आणत नाही, कारण मजुरी सांगितली की लोक तेवढ्यात नवा टी-शर्ट येतो म्हणतात. त्यांचा हिशेब चूक नाही. कॉलरीवर त्यांची अर्धी दुपार जाईल, आणि त्या वेळात त्यांचे दोन पायजमे होतात. हे काम आता ज्याचा शर्ट त्यानेच करण्यासारखं उरलं आहे.

५ जुलै
उसवलेल्या पहिल्या शर्टाचा कुशनचा अभ्रा. उशीचाच करायचा होता, पण आपल्याकडची नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांची असते आणि शर्टात एवढं सलग कापड निघत नाही. बगलेच्या खाली, मुंढ्याचा बाक संपल्यावर जे सरळ कापड मिळतं ते माझ्या शर्टात १८ इंच निघालं. म्हणून १६ इंचांची कुशन. चारी बाजूंनी अर्धा इंच धरून १७ बाय १७ कापलं. पुढच्या बाजूला बटणपट्टी लावलेलीच आहे, तीच अभ्र्याचं तोंड. ना चेन, ना नवी काजी. फक्त एक लक्ष ठेवायचं. दोन बटणांच्या मध्ये साडेतीन इंचांची फट असते, कुशन भरली की ती तोंड उघडते. मध्ये एकेक टिचबटण लावलं.

खिसा तसाच ठेवला. त्यात रिमोट राहतो. बायकोने या अभ्र्याबद्दल अजून मत दिलेलं नाही.

१२ जुलै
जीन्सची लांबी दोन इंच कमी केली, मूळची घासलेली खालची घडी राखून. सरळ कापून नवी घडी घातली की पायाशी गडद निळी पट्टी दिसते आणि कापलेलं लगेच कळतं. म्हणून घडीच्या टिपेपासून वर एक इंच मोजून दुमडायचं (दुमडीत दुप्पट जातं, म्हणजे दोन इंच), आणि जुन्या घडीच्या अगदी कडेला लागून टीप. १६ नंबरची सुई. बाजूच्या शिवणीपाशी डेनिमचे इतके थर येतात की पाय तिरका होतो आणि सुई वाकते. तिथे पायाच्या मागे जीन्सचीच एक घडी सरकवून उंची सारखी केली, चाक हाताने. त्या जागी थर आधी हातोडीने ठोकून घेतले, खाली पाटा ठेवून. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही खिळे ठोकतोय.

२० जुलै
वीज गेली. मशीनला काही फरक नाही, फक्त काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना.

२ ऑगस्ट
दारावर बोहारीण आली होती. हल्ली क्वचित येते. आईने तिच्यासमोर गाठोडं सोडलं आणि अर्धा तास घासाघीस चालली. दोन पँटी, एक सिंथेटिक साडी, माझं जॅकेट, याच्या बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा. बोहारणीची पारख बघण्यासारखी होती. पँटची चेन ओढून बघितली, बसायच्या जागेचं कापड उजेडाला धरलं, साडीची घडी मोडून कमरेचा भाग तपासला. ज्या जागा आधी जातात तिथेच तिचा हात जात होता. सुती साड्या तिने मागितल्या, आईने दिल्या नाहीत.

त्यातून माझंही एक ठरलं. सगळ्या जुन्या कपड्यांचं काहीतरी केलंच पाहिजे असं नाही. जी पँट दुसरं कुणी पँट म्हणून घालू शकतं तिची मी पिशवी करणार नाही. 'पाच मिनिटांत जुन्या जीन्सची बॅग' छापाचे व्हिडिओ बघून घराघरांत ज्या पिशव्या तयार होतात त्या रिकाम्या असतानाच खांदा ओढतात, वर भाजी कधी घ्यायची? आमची दुसरी जीन्स मात्र गुडघ्याला आणि मांड्यांत पार गेलेली, ती बोहारणीनेही बाजूला सारली. तिच्या पोटऱ्यांचा भाग चांगला होता. पायाची बाहेरची शिवण साधी इंटरलॉकची होती, ती उसवली. आतली, दुहेरी टिपेची, तशीच मधोमध राहू दिली. त्यातून दोन सपाट तुकडे निघाले. एकाचा मशीनवर घालायचा झाकणकपडा केला, दुसऱ्याचा मोटरसायकलच्या हत्यारांसाठी गुंडाळा. डेनिमला शोभणारी कामं ही.

१६ ऑगस्ट
आईच्या सुती साड्या वाचायला घेतल्या. वाचणं म्हणजे खिडकीत दोरीवर उलगडून टाकायची आणि वार-वार करत उजेडात बघत जायचं. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. खालचा काठ टाचांशी घासून जातो, म्हणून तिथे फॉल. खांद्यावर पिनेची भोकं, त्यांच्याभोवती कापड ताणलेलं. कमरेला खोचायची कड. निऱ्यांच्या बाहेरच्या घड्यांवर उन्हाने रंग गेलेला. पण साडी नेसताना जो पहिला वेढा आत जातो त्याला ऊन नाही, घासणं नाही. दोन्ही साड्यांत ते कापड जवळजवळ नव्यासारखं निघालं.

फॉल उसवला तर खाली साडीचा मूळ रंग. मी लहानपणापासून जी साडी फिकट पोपटी म्हणून ओळखत होतो ती मुळात चांगली गर्द हिरवी होती. आई म्हणाली, "अशीच होती. तूच उशिरा आलास."

शंकेच्या जागी आईची परीक्षा : दोन्ही अंगठे जवळजवळ धरून कापड बेताने ताणायचं. धागा सरकला तर सांभाळून वापरता येतं. बारीक कर्र असा आवाज आला तर तो भाग गोधडीच्या आतल्या थराला. खडूने थेट साडीवर तीन प्रकारच्या खुणा केल्या : कपड्याचं, अस्तराचं, गोधडीचं. मग कपडा काय करायचा ते ठरवलं. नव्या कापडावर आपण आधी कपडा ठरवतो आणि त्यानुसार बेततो. इथे कापड किती आणि कुठे शिल्लक आहे त्यावरून कपडा ठरतो, आणि खुणा नकाशासारख्या समोर असल्याने आईचं आणि माझं भांडणही कमी झालं.

जुन्या सुती कापडाचा एक मोठा फायदा नवशिक्याला आहे. ते आधीच शेकडो वेळा धुतलेलं असतं. आता आटणार नाही, रंग सोडणार नाही. नवं कापड आधी भिजवून, वाळवून मग कापावं लागतं.

२४ ऑगस्ट
पोपटी साडीच्या आतल्या वेढ्यातून चुलतबहिणीच्या बाळाला दोन झबली. बटण नाही, पाठीला बंद. शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवल्या, बाळाच्या अंगाला टोचू नयेत म्हणून, आणि त्या तिरक्या कापलेल्या पट्टीने झाकल्या. कापड ४५ अंशांत तिरकं कापलं की ताणलं जातं, म्हणून गळ्याच्या गोलाईला सुरकुती न पडता बसतं. सरळ पट्टी बसत नाही. ११ नंबरची सुई, टाका बारीक. विरळ कापड दातांत ओढलं जात होतं. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून दोन्हीवरून टीप मारली, नंतर कागद फाडून काढला.

यानंतर गणपती. मखराच्या पडद्याला घडी मारली, बाकी मशीन बंद.

१३ सप्टेंबर
इरकल उघडली. आजीची नऊवारी, मिरजेत घेतलेली. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, गोमी काठ. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो. विणतानाच अंगाच्या ताण्याचे आणि पदराच्या ताण्याचे धागे एकमेकांत फासे करून अडकवतात, त्याला कोंडी म्हणतात. भिंगातून तो जोड बघितला. शिवण नाही, गाठ नाही, आणि इतक्या वर्षांत एकही फासा सुटलेला नाही. पदराचं रेशीम मात्र घड्यांवर तुटलंय. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की असं होतं. पदराला कात्री लावायची नाही हे ठरलं. तो घडी बदलून, सुती कपड्यात गुंडाळून ठेवला.

परकराचा हिशेब. भाचीची कंबर २२ इंच, लांबी २६. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४६. परकराची उंची पन्ह्यात घेतली की साडीचा काठ आपोआप घेराशी येतो आणि खाली दुमडायचं कामच राहत नाही, किनार तयारच असते. वरची पट्टी तयार एक इंच, म्हणजे खाली हवेत २५. वाढत्या अंगासाठी तीन घड्या, प्रत्येक अर्धा इंच खोल, म्हणजे प्रत्येकीत एक इंच कापड, एकूण ३. वरच्या शिवणीला अर्धा. बेरीज साडेअठ्ठावीस. उरलेला साडेसतरा इंचांचा पट्टा दुसऱ्या काठासकट शिल्लक, त्याचं नंतर बघू.

घेर किती? साधारण कंबरेच्या अडीच पट घेतात, म्हणजे ५५. कापड पातळ झालंय, म्हणून तिप्पट धरून ६६. आतल्या वेढ्यातून एवढा सलग तुकडा निघाला, फक्त एका जागी भोक पडलेलं आहे. ते घडीत जाईल असं मांडलं.

सुती कापड धाग्यात सरळ फाडता येतं, आई नेहमी फाडतेच. पण विरलेल्या साडीत फाट कमजोर जागेकडे वळते. म्हणून एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढला. त्याच्या जागी कापडात बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री. पहिली कात्री आईनेच लावली. मी फक्त कापड धरून होतो.

२० सप्टेंबर
घड्या आधी, कापड सपाट असतानाच. काठाच्या वर दोन इंचांवर पहिली, मग एकेक इंचाने पुढच्या. टीप मुद्दाम लांब टाक्यांची, दरवर्षी एकेक घडी सोडता यावी म्हणून. सोडल्यावर तिथे रंगाची रेघ दिसेल, त्याला इलाज नाही.

बाजूची शिवण आत-बाहेर अशी दोनदा : आधी सुलट्या बाजूने पाव इंचावर, कडा कापून उलटवायचं, मग आतून पुन्हा. कापडाच्या कडा शिवणीत बंद होतात, इंटरलॉकला बाहेर पाठवावं लागत नाही.

२७ सप्टेंबर
चुण्या. सगळ्यात लांब टाका लावून, वरचा ताण सैल करून, पाव इंच अंतराने दोन समांतर टिपा. मग दोन्हींचे खालचे दोरे एकदम ओढायचे. एकाच टिपेवर ओढलं तर चुण्या वळतात आणि दोरा तुटला तर सगळं पुन्हा. ६६ इंचांचा घेर ३० इंचांच्या पट्टीत बसवला. पट्टी कंबरेपेक्षा मोठी, कारण ती नितंबांवरून चढायला हवी, पुढे नाडी आवळते. घेराचे आणि पट्टीचे चार-चार भाग करून खुणा जुळवल्या. त्याशिवाय सगळ्या चुण्या पोटावर गोळा होतात.

पट्टी आईच्या दुसऱ्या सुती साडीची, खूण 'कपड्याचं' असलेल्या भागातून. इरकलीचं कापड नाडीच्या घर्षणाला टिकलं नसतं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशीन पुसून, तेल देऊन, आईने त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं. शेजारी कात्री. सीम रिपरही ठेवावा का, असं विचारलं. आई म्हणाली, "ठेव. सगळ्यात जास्त तोच वापरलायस."

५ ऑक्टोबर
परकर दसऱ्याला ताईकडे पोहोचला. पोलकं तिने बाहेरून आणलं. फोनवर भाचीचा पहिला प्रश्न, खिसा का नाही. बाजूच्या शिवणीत खिसा घालता येतो, त्यासाठी शिवण वरून सहा इंच उसवावी लागेल, आणि खिशाला कापड म्हणून तो साडेसतरा इंचांचा पट्टा आहेच. ताईची तक्रार वेगळी. शाळेत स्नेहसंमेलनाला घालायचा तर नाडी नको, हिला बांधता येत नाही. पट्टी एक इंचाची आहे, पाऊण इंचाचं इलॅस्टिक नाडीच्याच तोंडातून सेफ्टी पिनेने ओवता येईल. कंबर २२, इलॅस्टिक २० इंच कापायचं आणि टोकं एकमेकांवर इंचभर घेऊन शिवायची. शनिवारी परकर परत आणायला सांगितलाय.